सकाळी आठ वाजून दोन मिनिटांनी

सप्टेंबर २०१७च्या पहिल्या पंधरवड्यात ‘इर्मा’ चक्रीवादळ कॅरिबियन बेटांवरून गेलं. बार्बुडा बेट उद्ध्वस्त झालं, सेंट मार्टिन मोडून पडलं. अमेरिकेच्या राष्ट्रीय चक्रीवादळ केंद्राच्या नोंदीनुसार वादळाच्या थेट तडाख्यात ४७ माणसं गेली. ज्या सकाळी वादळ सेंट मार्टिनवर होतं, त्याच सकाळी सूर्यावर सुमारे बारा वर्षांतला सर्वांत मोठा उद्रेक झाला. तारा तुटल्यावर आणि टॉवर पडल्यावर बोलायला लघुलहरींचा रेडिओ उरतो. काही तास तोही बंद पडला.

त्या दिवसांचा हा घटनाक्रम. वेळा पूर्व कॅरिबियनच्या घड्याळाच्या आहेत. भारतीय घड्याळ त्याच्या साडेनऊ तास पुढे असतं.

बुधवार, ३० ऑगस्ट

आफ्रिकेच्या किनाऱ्यापलीकडे, केप व्हर्डे बेटांच्या पश्चिमेला एका वादळाला नाव मिळतं : इर्मा. दुसऱ्याच दिवशी त्याचं चक्रीवादळ होतं.

सूर्याच्या पृथ्वीकडच्या बाजूवर एक साधा डाग आहे. त्याचा क्रमांक १२६७३. सौरचक्र उताराला लागलं आहे, डागांची संख्या घटते आहे. अशा काळात मोठ्या उद्रेकाची भीती सहसा कोणी धरत नाही.

रविवार, ३ सप्टेंबर

डाग १२६७३च्या भोवती नवी चुंबकक्षेत्रं वर येऊ लागतात. एका डागाचा गट होतो, आणि गटातली उलटसुलट क्षेत्रं एकमेकांना खेटतात. मोठ्या सौरज्वाला अशाच गुंत्यातून निघतात.

इर्मा पश्चिमेकडे सरकते आहे. तिच्या वाटेवर लीवर्ड बेटं आहेत.

सोमवार, ४ सप्टेंबर, दुपारी ४:३३

डागातून पहिली ठळक ज्वाला निघते. तिची नोंद एम ५.५ अशी होते. सौरज्वाला त्यांच्या क्ष-किरणांच्या तीव्रतेवरून मोजतात. एम वर्गाच्या वर एक्स वर्ग, आणि एक्स १ म्हणजे एम १च्या दहापट. ज्वालेबरोबर सूर्याच्या वातावरणाचा एक प्रचंड लोटही पृथ्वीच्या दिशेने सुटतो.

कोलोरॅडोतल्या बोल्डर इथलं अवकाश हवामान केंद्र भूचुंबकीय वादळाचा इशारा देतं. हा इशारा त्या लोटासाठी आहे. लोटाला पृथ्वीपर्यंत पोहोचायला दोनेक दिवस लागतात, त्यामुळे त्याचा अंदाज बांधता येतो. ज्वालेच्या क्ष-किरणांना सूर्यापासून पृथ्वीपर्यंत यायला ८ मिनिटं २० सेकंद लागतात. त्यांच्यापेक्षा वेगाने काहीच येत नाही. म्हणून त्यांची आगाऊ वर्दी देणंही शक्य नसतं. डाग किती धोकादायक आहे, एवढंच सांगता येतं.

त्याच दिवशी लीवर्ड बेटांवर चक्रीवादळाचे इशारे लागू आहेत. इशारे देणारी दोन केंद्रं दोन वेगळ्या शहरांत आहेत. मायामीतलं चक्रीवादळ केंद्र समुद्राकडे बघतं, बोल्डरचं सूर्याकडे.

मंगळवार, ५ सप्टेंबर, सकाळी ७:४५

इर्मा पाचव्या श्रेणीत जाते. त्यावरची श्रेणी नाही. पुढच्या काही तासांत वाऱ्याचा वेग ताशी २८५ किलोमीटरच्या घरात पोहोचतो.

मंगळवार, ५ सप्टेंबर, संध्याकाळ

‘हरिकेन वॉच नेट’चे हौशी रेडिओचालक कामाला लागले आहेत. १९६५ सालच्या बेट्सी चक्रीवादळापासून ही मंडळी हे काम करतात. बेटावरचा माणूस वाऱ्याचा वेग, हवेचा दाब, पडलेली छपरं रेडिओवरून सांगतो. ती माहिती मायामीच्या केंद्रातल्या हौशी रेडिओ कक्षात पोहोचते.

सामग्री साधी असते. १०० वॉटचा संच आणि गाडीची १२ व्होल्टची बॅटरी. दोन खांबांमध्ये ताणलेली तांब्याची तार. १४.३२५ मेगाहर्ट्झसाठी ही तार साधारण १० मीटर लांब लागते, ७.२६८साठी जवळजवळ २० मीटर. दिवसा १४, रात्री ७ असा नेटचा रिवाज आहे. मध्ये टॉवर नाही, केबल नाही, उपग्रह नाही. बेट आणि मायामी यांच्यामध्ये फक्त आकाश आहे.

ते आकाश म्हणजे आयनांबर. सूर्याचे किरण वरच्या विरळ हवेतले इलेक्ट्रॉन अणुरेणूंपासून सुटे करतात आणि हवेचा प्लाझ्मा होतो. २५० ते ३०० किलोमीटरवरचा प्लाझ्मा लघुलहरींना वळवून पुन्हा जमिनीकडे पाठवतो. त्यामुळे आवाज क्षितिजापलीकडे हजारो किलोमीटर जातो.

त्याच प्लाझ्माचा एक खालचा थर आहे, ६० ते ९० किलोमीटरच्या पट्ट्यात. त्याला डी थर म्हणतात. तो दिवसा असतो आणि सूर्य मावळल्यावर जवळजवळ नाहीसा होतो. वर जाताना लहर त्यातून जाते आणि खाली येताना पुन्हा त्यातूनच येते.

रात्र आहे. डी थर नाही. ७ मेगाहर्ट्झवर आवाज स्वच्छ आहेत.

बुधवार, ६ सप्टेंबर, मध्यरात्रीनंतर १:४५

वादळाचा डोळा बार्बुडावर येतो. बेटावर सुमारे १,८०० माणसं राहतात. तिथल्या वारामापकाने ताशी २५० किलोमीटरच्या आसपासचा झोत नोंदवला आणि त्यानंतर तो बंद पडला. टेलिफोन गेले, मोबाइल गेले. जवळच्या अँटिग्वा बेटावर देशाचं सरकार आहे. त्याला आपल्याच जुळ्या बेटावर काय चाललं आहे ते कळेनासं झालं.

पहाटे ५:१०

डाग १२६७३ मधून एक्स २.२ वर्गाची ज्वाला निघते. आफ्रिका, युरोप आणि भारतावर त्या वेळी ऊन आहे. तिथे डी थर दाटतो आणि लघुलहरी क्षीण होतात. कॅरिबियनमध्ये अजून अंधार आहे. सूर्याचे क्ष-किरण तिथल्या हवेवर पडतच नाहीत.

डाग एक्स वर्गाला पोहोचू शकतो, हे आता सिद्ध झालं आहे. तासाभरात सूर्य बेटांवर उगवणार आहे.

सकाळी ६च्या सुमारास

ढगांमागे सूर्योदय होतो. ढग क्ष-किरणांना अडवू शकत नाहीत, कारण डी थर ढगांच्या कितीतरी वर आहे. तो रोजच्यासारखा तयार होऊ लागतो. दिवस वर येतो तशा खालच्या कंपनांच्या (फ्रिक्वेन्सीच्या) लहरी क्षीण होतात. रिवाजाप्रमाणे १४.३२५ला जाण्याची ही वेळ.

सकाळी ७:१५

डोळा सेंट मार्टिनवर पोहोचतो. केंद्राशी हवेचा दाब ९१४ मिलिबार, वारा अजूनही ताशी २८५ किलोमीटर. बेटाचा एक भाग फ्रान्सकडे, दुसरा नेदरलँड्सकडे. दोन्ही बाजूंची वीज आणि फोन जातात. प्रिन्सेस जुलियाना विमानतळ मोडतो.

सकाळी ७:५३

पृथ्वीभोवतीच्या गोज उपग्रहांवरचे क्ष-किरणमापक एकदम चढू लागतात. जे दिसतं आहे ते सूर्यावर ८ मिनिटांपूर्वी घडून गेलं आहे.

सकाळी ८:०२

आलेख शिखरावर पोहोचतो : एक्स ९.३. त्या सौरचक्रातली ही सर्वांत मोठी ज्वाला.

महाराष्ट्रात तेव्हा संध्याकाळचे ५:३२ झाले आहेत. अनंत चतुर्दशीचा दुसरा दिवस. सूर्य पश्चिमेला कलला आहे, पण मावळलेला नाही. म्हणजे आपल्या डोक्यावरच्या हवेवरही तेच किरण पडत आहेत. ज्वालेचा मारा एका बेटावर किंवा एका देशावर होत नसतो, पृथ्वीच्या उजेडातल्या संपूर्ण अर्ध्या भागावर होतो.

हे क्ष-किरण डी थरापर्यंत खोल उतरतात आणि तिथल्या हवेचे इलेक्ट्रॉन काही मिनिटांत अनेक पटींनी वाढवतात. पुढचं काम धडकांचं आहे.

रेडिओलहर प्लाझ्मात शिरली की तिच्या विद्युतक्षेत्राने मोकळे इलेक्ट्रॉन मागेपुढे हलू लागतात. या हालचालीसाठी ते लहरीचीच ऊर्जा घेतात. ३०० किलोमीटरवर हवा इतकी विरळ असते की ते कुणाला फारसे धडकत नाहीत. घेतलेली ऊर्जा ते लहरीला परत करतात आणि लहर वळून खाली येते. ७५ किलोमीटरवर मात्र हवा दाट असते. तिथे एक इलेक्ट्रॉन सेकंदाला दहा लाखांहून अधिक वेळा हवेच्या रेणूंवर आदळतो. प्रत्येक धडकेत लहरीची थोडी ऊर्जा उष्णता होऊन हवेत जाते आणि ती परत येत नाही. इलेक्ट्रॉन जितके जास्त, तितकी घट मोठी.

ही घट कंपनावर अवलंबून असते. कंपन दुप्पट केलं की डेसिबेलमधली घट साधारण एक चतुर्थांश होते. १४ मेगाहर्ट्झवर १० डेसिबेल घट असेल, तर लहरीचा दहावा हिस्सा पोहोचतो. त्याच वेळी ७ मेगाहर्ट्झवर ४० डेसिबेल घट होते आणि दहा हजारावा हिस्सा पोहोचतो. मोठ्या ज्वालेत १४वरही दहावा हिस्सा उरत नाही.

मग आणखी वर का जाऊ नये? कारण वरच्या बाजूलाही मर्यादा आहे. कंपन फार वाढवलं तर वरचा थर लहरीला वळवू शकत नाही आणि ती अवकाशात निघून जाते. सूर्य मंद असलेल्या काळात ही वरची मर्यादा आधीच खाली आलेली असते. ज्वालेने खालची मर्यादा उचलली. दोन्ही मर्यादा भिडल्या की मधे वापरण्याजोगं एकही कंपन उरत नाही. संच चालू असतो, बॅटरी भरलेली असते, तारही जागेवर असते. माणूस बोलतो आणि कुठेच पोहोचत नाही.

नेटचे व्यवस्थापक बॉबी ग्रेव्ह्ज यांनी नंतर सांगितलं की अशी ज्वाला रेडिओवर ऐकू येते. आधी तव्यावर मांस तळताना होते तशी चरचर होते आणि मग सगळे आवाज एकदम बंद होतात. त्या दिवसांत हे दोनदा घडलं. ज्वालेचा जोर ओसरेपर्यंत वाट पाहण्यापलीकडे त्यांच्या हातात काही नव्हतं.

सकाळी ८:१०

शिखर ओसरू लागतं. नियमाप्रमाणे ज्वालेचा ‘शेवट’ इथे नोंदला जातो, कारण तीव्रता शिखराच्या निम्म्यावर आली आहे. एक्स ९.३चा निम्मा म्हणजेही एक्स ४हून अधिक. जिला एरवी मोठी ज्वाला म्हटलं असतं, तिच्यापेक्षाही हा ‘शेवट’ मोठा आहे.

अवकाश हवामानाच्या मोजपट्टीवर ही तिसऱ्या पायरीची घटना. त्या पायरीच्या वर्णनात उजेडातल्या बाजूवर लघुलहरी संपर्क सुमारे तासभर तुटतो असं लिहिलेलं आहे.

त्याच दिवशी, दक्षिणेकडे

फ्रेंच गयानाच्या हवाई नियंत्रकांचा समुद्रावरच्या एका विमानाशी लघुलहरी संपर्क तुटतो. सुमारे ९० मिनिटं विमानाचा पत्ता लागत नाही. धोक्याची सूचना जारी होते. अखेर विमान सुखरूप असल्याचं कळतं. त्यात काहीही बिघडलेलं नव्हतं. वैमानिक आणि नियंत्रक यांच्यातला डी थर तेवढा दाटला होता.

दुपारी १२:३०

डोळा ब्रिटिश व्हर्जिन बेटांपैकी व्हर्जिन गोर्डावर येतो. सूर्य डोक्यावर आहे. डाग १२६७३ अजून पृथ्वीकडे तोंड करून आहे.

दुपारनंतर

अँटिग्वा-बार्बुडाचे पंतप्रधान गॅस्टन ब्राउन बार्बुडाला पोहोचतात. अँटिग्वा बेट तुलनेने बचावलं होतं आणि सकाळी देशात सुटकेची भावना होती. बार्बुडावरून मात्र शब्दही आलेला नव्हता. काय झालं ते कळायला प्रत्यक्ष जाऊन बघावं लागलं. बेटावरची सुमारे ९५ टक्के बांधकामं मोडली होती किंवा त्यांचं नुकसान झालं होतं. वादळाचा डोळा बेटावर येऊन तेव्हा बारा तास उलटले होते.

या दिवसाचा अभ्यास अमेरिकी शास्त्रज्ञांनी २०१८ साली प्रसिद्ध केला. हवाई वाहतूक, जहाजं, हौशी रेडिओ आणि आपत्कालीन सेवा ज्या लघुलहरी वापरतात, त्या ६ सप्टेंबरला कॅरिबियनमध्ये आठ तासांपर्यंत निकामी होत्या, असं त्यात नोंदलं आहे. मोजपट्टीवर लिहिलेला होता एक तास.

गुरुवार, ७ सप्टेंबर, सकाळी १०:३६

त्याच डागातून एक्स १.३ वर्गाची ज्वाला. कॅरिबियनमध्ये या वेळी भर दिवस आहे. शोध आणि सुटकेचं काम सुरू आहे.

त्या संध्याकाळी ६ सप्टेंबरच्या ज्वालेबरोबर सुटलेला लोट पृथ्वीवर आदळतो आणि तीव्र भूचुंबकीय वादळ होतं. या लोटाची वर्दी आधी मिळाली होती.

शुक्रवार, ८ सप्टेंबर

मागून ‘होजे’ नावाचं दुसरं चक्रीवादळ येत आहे. बार्बुडाची माणसं बोटींनी आणि विमानांनी अँटिग्वाला हलवायला सुरुवात होते. काही तासांत बेट रिकामं केलं जातं.

रविवार, १० सप्टेंबर, सकाळी ९च्या सुमारास

इर्मा फ्लोरिडाच्या कजो की या बेटावर धडकते. डाग १२६७३ सूर्याच्या पश्चिम कडेला पोहोचला आहे. एक-दोन दिवसांत तो पलीकडे जाऊन दिसेनासा होणार आहे.

रविवार, १० सप्टेंबर, दुपारी १२:०६

कडेवरून एक्स ८.२ वर्गाची ज्वाला. फ्लोरिडात भर दुपार आहे. लघुलहरी पुन्हा गप्प होतात. या वेळी तीन तास.

दुपारी ३:३०च्या सुमारास

इर्मा मार्को आयलंडवर दुसऱ्यांदा फ्लोरिडाच्या भूमीला लागते.

४ ते १० सप्टेंबर या सात दिवसांत डाग १२६७३ने एक्स वर्गाच्या चार ज्वाला सोडल्या.

त्यानंतर

माणसं वाऱ्याने आणि पाण्याने मारली. रेडिओच्या मौनाने वेळ नेला. कोणत्या बेटाला आधी बोट पाठवायची, कुठे पाणी नाही, कुठे दवाखाना पडला, हे ज्या तासांत कळायला हवं होतं, नेमके ते तास त्यात गेले.

यात अज्ञान कुठेच नव्हतं. सौरज्वाला आणि लघुलहरींचं मौन यांचा संबंध रेडिओशास्त्रज्ञ डेलिंजर यांनी १९३०च्या दशकातच दाखवून दिला होता. प्लाझ्मातल्या धडकांचं गणित पाठ्यपुस्तकात आहे. डाग बिघडतो आहे हे ३ सप्टेंबरपासून दिसत होतं, आणि वादळ येतं आहे हे त्याच्याही आधीपासून. या दोन गोष्टी एकाच टेबलावर ठेवून ‘तारा तुटलेल्या असताना आकाशही बंद झालं तर काय?’ हा प्रश्न विचारला जाणं, एवढंच बाकी होतं.

आता भारताचा ‘आदित्य-एल१’ सूर्यावर नजर ठेवून आहे. २ सप्टेंबर २०२३ला तो निघाला. त्यावरची अतिनील दुर्बीण पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेने घडवली आहे, आणि ज्वालांचे क्ष-किरण मोजणारी उपकरणंही त्यावर आहेत. हे यान पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर, सूर्याच्या दिशेने आहे. क्ष-किरणांना हे अंतर कापायला ५ सेकंद लागतात आणि यानाचा संदेश खाली यायलाही ५ सेकंद. कितीही चांगलं यान पाठवलं तरी ज्वालेची पूर्वसूचना त्यातून मिळणार नाही. मिळतो तो डागाचा अभ्यास आणि त्यावरून बांधलेली शक्यता. ती शक्यता कोणीतरी वाचली पाहिजे आणि तिच्याप्रमाणे तयारी केली पाहिजे.

३ जून २०२०ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. रायगड आणि रत्नागिरीतल्या अनेक गावांची वीज आणि मोबाइल कित्येक दिवस बंद होते. मुंबईत नोकरीला असलेली मुलं गावच्या आईवडिलांचा आवाज ऐकण्यासाठी दिवसच्या दिवस फोन लावत राहिली. त्या दिवशी सूर्य शांत होता. पण ही शांतता आपल्या नियोजनाचा भाग नव्हती.

उपाय अवघड नाहीत. लघुलहरी संच ठेवावेतच, पण एकटे ठेवू नयेत. सरळ रेषेत जाणाऱ्या व्हीएचएफ लहरी आणि उपग्रह फोन यांना डी थराची ही घट जवळजवळ लागत नाही. व्हीएचएफचा पल्ला लहान असला तरी टेकडीवरचे पुनर्प्रक्षेपक आधीच बसवले असतील तर तालुका ते जिल्हा बोलता येतं. ज्वाला आली तर कुठल्या कंपनावर जायचं, किती वेळ थांबायचं, तोवर निरोप कुणी आणि कसा न्यायचा, हे वादळाआधी कागदावर हवं.

कोकणात राहणाऱ्या किंवा कोकणात आपली माणसं असणाऱ्या प्रत्येकाने आपल्या जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाला दोन प्रश्न विचारावेत. मोबाइल बंद पडल्यावर तुमचं दुसरं साधन कोणतं? आणि त्याच दिवशी सूर्याने ते बंद पाडलं, तर तिसरं कोणतं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत तो विचारत राहायला हवा.